‘कोल्हापूर’ शोधले की ‘कोल्हापुरात’ का हरवते?

‘पंचगंगेला आलेल्या पुराचे पाणी कोल्हापुरातील सखल भागात शिरले.’ २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांच्या बातम्यांत हे वाक्य सहज शोभून जाईल. नदी कोणती, आपत्ती कोणती आणि शहर कोणते, हे मराठी वाचणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र सांगावे लागते. बातम्यांच्या एखाद्या संगणकीय संग्रहात ‘पंचगंगा’, ‘पूर’ आणि ‘कोल्हापूर’ हे तीन शब्द टाकून शोध घेतला, आणि त्या संग्रहामागच्या शोधयंत्राला मराठीची काहीच ओळख करून दिलेली नसली, तर हे वाक्य हाती लागणार नाही. कारण त्यात ‘पंचगंगा’ नाही, ‘पंचगंगेला’ आहे. ‘पूर’ नाही, ‘पुराचे’ आहे. आणि ‘कोल्हापूर’ही नाही, ‘कोल्हापुरातील’ आहे. पूर्णपणे विषयाला धरून असलेले वाक्य, आणि जुळलेले शब्द शून्य!

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. कागदाच्या बाडात एखादी नोंद सापडली नाही, तर शोधणाऱ्याला निदान आपण सगळी बाडे उलगडली नाहीत एवढे ठाऊक असते. संगणकाच्या पडद्यावर ‘एकही निष्कर्ष नाही’ अशी ओळ उमटली की तिला एक अधिकार येतो. अशी नोंद मुळात नाहीच, असा तिचा अर्थ घेतला जातो. पूररेषेच्या वादात जुन्या पुरांचे दाखले शोधणारा कार्यकर्ता असो, शासकीय निर्णय धुंडाळणारा शेतकरी असो किंवा प्रबंधासाठी जुनी वृत्तपत्रे चाळणारा विद्यार्थी असो, जे सापडले नाही ते त्याच्यापुरते घडलेच नाही. मराठी मजकूर संगणकावर चढवण्याचे काम गेल्या दोन दशकांत जोमाने झाले. तो पुन्हा सापडावा यासाठी करावयाचे काम मात्र तितके दिसत नाही, कारण ते पडद्यामागचे आहे.

त्या पडद्यामागे बहुतेक ठिकाणी एकच साधन असते. डग कटिंग या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९९९ साली जावा भाषेत लिहिलेला ‘ल्युसीन’ हा आज्ञावलींचा संच. हे नाव त्यांच्या पत्नीच्या मधल्या नावावरून घेतलेले आहे. (याच गृहस्थांनी पुढे आपल्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचे नाव ‘हडूप’ या प्रणालीला दिले, घरातली नावे वापरण्याची त्यांना हौस असावी.) २००१ मध्ये ल्युसीन अपाचे प्रतिष्ठानाकडे गेला; तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो, बदलता येतो. ‘सोलर’ आणि २०१० साली आलेला ‘इलॅस्टिकसर्च’ ही दोन्ही शोधयंत्रे याच पायावर उभी आहेत. वृत्तपत्रांची दप्तरे, ग्रंथालयांच्या सूची, दुकानांची संकेतस्थळे अशा असंख्य ठिकाणी शोधाच्या चौकटीमागे ल्युसीनच राबत असतो.

ल्युसीनचे काम कसे चालते हे समजण्यासाठी जाड ग्रंथाच्या शेवटी दिलेली शब्दसूची आठवावी. एखादा शब्द ग्रंथात कोठे आला आहे हे पाहण्यासाठी कोणी पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. सूचीत शब्द काढून त्यासमोरचे पृष्ठक्रमांक पाहतो. ल्युसीनही आधी सगळ्या मजकुराची अशी सूची तयार करतो आणि शोधाच्या वेळी फक्त सूची उघडतो. त्यामुळे लाखो लेखांतून निष्कर्ष क्षणार्धात मिळतात. पण याचाच अर्थ असा, की सूचीत जे ज्या रूपात नोंदले गेले तेच त्याच रूपात सापडते. मजकूर आत घेताना शब्द कोठे सुरू झाला, कोठे संपला आणि कोणते दोन शब्द एकच मानायचे, हे तीन निर्णय ज्या क्षणी होतात त्याच क्षणी पुढच्या प्रत्येक शोधाचे भवितव्य ठरून जाते.

या प्रक्रियेची रचना कोल्हापूरच्या वाचकाला गुऱ्हाळावरून चटकन समजेल. ऊस चरकातून जातो, रस काहिलीत येतो, उकळताना वरची मळी काढली जाते आणि शेवटी पाक साच्यात ओतून ढेप बांधली जाते. ल्युसीनमध्येही तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात कच्च्या मजकुरातील चिन्हांची साफसफाई होते. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ‘टोकनायझर’मध्ये, अखंड मजकुराचे शब्दांत तुकडे होतात. तिसऱ्या टप्प्यात या तुकड्यांना एकामागून एक गाळण्या लावल्या जातात: अंक एकसारखे करणे, प्रत्यय काढणे, निरर्थक शब्द वगळणे, समानार्थी शब्द जोडणे. या सगळ्या साखळीला ‘ॲनालायझर’, म्हणजे विश्लेषक, म्हणतात. टप्प्यांचा क्रम बदलला तर गुऱ्हाळात गूळ होत नाही, आणि येथे शोध लागत नाही. ल्युसीनचा मोठेपणा हा, की या साखळीतील प्रत्येक कडी वापरणाऱ्याला काढून तेथे आपली कडी बसवता येते. सोलर आणि इलॅस्टिकसर्चमध्ये तर तयार कड्या जोडण्यासाठी आज्ञावली लिहिण्याचीही गरज नसते. मांडणीच्या धारिकेत चार ओळी लिहिल्या की भागते.

मग मराठीसाठी कोणत्या कड्या लागतात?

शब्द कोठे तुटतो?

इंग्रजीत शब्द तोडणे सोपे वाटते. अक्षरे सलग चालली आहेत तोवर शब्द चालू, अक्षर नसलेले काही आले की शब्द संपला. ल्युसीनमधला ‘लेटर टोकनायझर’ याच तत्त्वावर चालतो. मराठीत हे तत्त्व लावले की अनर्थ होतो. युनिकोड या जागतिक चिन्हसंकेतात ‘क’, ‘ल’, ‘ह’ ही अक्षरे आहेत. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि पायमोडका हलन्त यांची गणना अक्षरांत होत नाही, ‘खुणां’त होते. डोळ्यांना ‘कोल्हापूर’मध्ये चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या लेखी ती नऊ चिन्हे आहेत, आणि त्यांपैकी चार खुणा आहेत. प्रत्येक खुणेपाशी शब्द संपला असे मानणारा टोकनायझर ‘कोल्हापूर’चे ‘क’, ‘ल’, ‘ह’, ‘प’, ‘र’ असे पाच तुकडे करून सूचीत टाकतो. मग ‘कोल्हापूर’ शोधणाऱ्याला ‘कलहप्रिय’ही मिळू शकतो, कारण सुटा ‘र’ हा तुकडा त्यातूनही निघतोच!

मार्च २०११ मध्ये आलेल्या ल्युसीनच्या ३.१ या आवृत्तीत यावर मोठा उपाय झाला. त्यातील प्रमाण टोकनायझर युनिकोडच्या २९ क्रमांकाच्या जोडपत्रातील शब्दविभागणीच्या नियमांप्रमाणे चालू लागला. खूण ही आधीच्या अक्षराला चिकटलेली असते, तिच्यापाशी तोडायचे नाही, हे त्याला ठाऊक आहे. ‘कोल्हापूर’ तेव्हापासून अखंड राहिले. पण हे नियम जगातील सर्व लिप्यांसाठी सरसकट केलेले आहेत. मराठी लिहिण्याच्या सवयी त्यांत येतील कोठून?

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात ज्यांचे स्मृती संग्रहालय आहे त्या वि. स. खांडेकरांचेच उदाहरण घ्यावे. ‘ययाति’साठी १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेल्या या लेखकाचे नाव छापताना कोणी आद्याक्षरांनंतर मोकळी जागा सोडतो, कोणी सोडत नाही. मोकळी जागा असेल तर ‘वि’, ‘स’ आणि ‘खांडेकर’ असे तीन शब्द होतात. जागा नसेल आणि ‘वि.स.खांडेकर’ असे सलग लिहिले असेल, तर प्रमाण टोकनायझर त्याचा एकच शब्द करतो, कारण दोन अक्षरांच्या मध्ये आलेला बिंदू हा शब्दाचाच भाग मानावा असा त्या जोडपत्रातील नियम आहे. पाश्चात्त्य संक्षेपांसाठी तो उपयुक्त असेल. मराठीत त्याचा परिणाम असा, की ‘खांडेकर’ असा शोध घेतला असता सलग छापलेले सगळे लेख बाहेर राहतात. ‘डॉ.आंबेडकर’ लिहिणाऱ्यांचे लेखही याच वाटेने हरवतात. उपाय अवघड नाही. पहिल्याच टप्प्यात, दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये बिंदू आढळला तर त्याच्या जागी मोकळी जागा ठेवावी असा एक नियम लिहावा. ‘३.५’सारख्या अंकांतला बिंदू तेवढा वाचवावा लागतो.

सातबाराचा उतारा याहून खट्याळ आहे. तो ‘७/१२’, ‘7/12’ अशा आंतरराष्ट्रीय अंकांत, ‘सात-बारा’, ‘सात बारा’ आणि ‘सातबारा’ अशा किमान पाच रूपांत लिहिला जातो. तिरक्या रेघेपाशी टोकनायझर हमखास तोडतो, त्यामुळे ‘७/१२’चे ‘७’ आणि ‘१२’ असे दोन सुटे आकडे होतात आणि शोधणाऱ्यापुढे सात आणि बारा हे आकडे असलेला प्रत्येक कागद येऊन पडतो. अंकांपुरता ल्युसीनमध्ये तयार गाळणी आहे. ती कोणत्याही लिपीतील अंक एकाच रूपात आणते. पण ती तुकडे झाल्यानंतर चालते. तुकडे होण्याआधीच ही पाचही रूपे ‘सातबारा’ या एका शब्दात बदलावी लागतात. येथेही एक खाच आहे. ‘दि. ७/१२/२०१९’ हा उतारा नव्हे, सात डिसेंबर आहे. म्हणून पुढे आणखी एक तिरकी रेघ असेल तर हात लावायचा नाही, अशी अट नियमाला जोडावी लागते. नुसत्या ‘७/१२ रोजी’चे काय करायचे, याला मात्र निर्दोष उत्तर नाही. महसूल खात्याच्या कागदांचा संग्रह असेल तर सातबारा धरावा, वृत्तपत्रांचा असेल तर मागचापुढचा शब्द पाहावा. ही निवड संगणकतज्ज्ञाने एकट्याने करण्याजोगी नाही. तेथे तलाठी कार्यालयाचा उंबरठा झिजवलेला माणूस हवा.

काही भेद तर डोळ्यांना दिसतही नाहीत. वर गुऱ्हाळाचा उल्लेख आला. त्या शब्दातला अर्धा ‘र’, म्हणजे ‘ऱ्ह’मधला चंद्रकोरीसारखा र, हे मराठीचे खास लेणे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: एक, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावून, दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही ‘गुऱ्हाळ’ हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला ते दोन भिन्न शब्द वाटतात. कोणत्या कळफलकावर टंकलेखन झाले यावर सापडणे न सापडणे ठरते. ‘ॲडव्होकेट’मधल्या ‘ॲ’ची कथाही अशीच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक ‘अ’वर चंद्र देऊन किंवा हिंदीच्या पद्धतीने ‘ऍ’ लिहून वेळ भागवत होते, आणि आजही तिन्ही रूपे नांदत आहेत. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी इंग्रजी अपूर्णविराम देण्याची सवय तर छापखान्यांतही मुरली आहे. भारतीय लिप्यांतील अशा जुळ्या रूपांपैकी काहींना एकरूप करणारी गाळणी ल्युसीनमध्ये तयार मिळते. उरलेल्यांची यादी आपली आपल्याला करावी लागते.

त्याही आधीचा, म्हणजे युनिकोडपूर्व काळातला मजकूर असेल तर वेगळीच अडचण असते. श्रीलिपीसारख्या टंकांत अक्षराचा उच्चार साठवला जात नसे, आकार साठवला जाई. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून साठवलीही जाई आधी. रूपांतर करणारी आज्ञावली जेथे चुकते तेथे शब्द वेलांटीनेच सुरू होतात. असे शब्द सूचीत वेगळे काढून पाहिले तर रूपांतर कितपत नीट झाले आहे याचा अंदाज घेण्याची ती उत्तम खूण ठरते.

हिंदीचा सदरा मराठीला का बसत नाही?

शब्द नीट तुटले तरी मूळ प्रश्न उरतोच. ‘कोल्हापुरातील’ हा एक अखंड शब्द आहे आणि तो ‘कोल्हापूर’ नाही. येथे अनेक जण ल्युसीनमध्ये तयार असलेला हिंदीचा विश्लेषक मराठीला लावून मोकळे होतात. लिपी तर एकच आहे! लिपी एक असली तरी व्याकरण एक नाही. हिंदीत ‘में’, ‘से’, ‘को’, ‘का’ हे शब्द नामापासून सुटे लिहितात. शहराचे नाव जसेच्या तसे राहते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात, आणि चिकटण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप करून घेतात. ‘कोल्हापूरकरांच्याबरोबरच’ हा मराठीत एक शब्द आहे. ‘ला’, ‘तील’, ‘च्या’, ‘पर्यंत’, ‘सुद्धा’ यांपैकी एकही हिंदीच्या स्टेमरच्या यादीत नाही. स्टेमर म्हणजे शब्दाची शेपटी छाटून मूळ शोधणारी कडी. मराठीसाठी ती मराठीच्याच व्याकरणावरून घडवावी लागते.

आणि मराठीची शेपटी नुसती छाटून भागत नाही. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहावा, असा शुद्धलेखनाचा नियम आहे. आणि सामान्यरूपात तोच ऊकार ऱ्हस्व करावा, असाही नियम आहे. म्हणून ‘कोल्हापूर’, पण ‘कोल्हापुरात’. ‘गूळ’, पण ‘गुळाचा’. ‘ऊस’, पण ‘उसाला’. प्रत्यय काढल्यावर उरते ‘कोल्हापुर’, आणि ते ‘कोल्हापूर’शी जुळत नाही. यावरचा उपाय वैयाकरणांना रुचणार नाही, पण तो अचूक आहे: सूचीत नोंदताना आणि शोध घेताना, दोन्ही वेळा सगळे दीर्घ ऱ्हस्व करून टाकावेत. सूचीत ‘कोल्हापुर’ अशी अशुद्ध नोंद राहते, पण ती वाचकाला कधीच दिसत नाही. त्याच्यापुढे मूळ लेख जसा छापला तसाच येतो. एक जादा लाभही पदरात पडतो. घाईत ‘कोल्हापुर’ असे ऱ्हस्व लिहून शोधणारे पुष्कळ असतात, त्यांनाही हवे ते मिळते. गंमत अशी, की हिंदी विश्लेषकातील चिन्हे एकरूप करणारी कडी हे काम आधीपासून करते. तिचा तेवढा भाग उपयोगी आहे. पण ती चंद्रही पुसून टाकते, त्यामुळे ‘कॉल’ आणि ‘कोल’, ‘बॉल’ आणि ‘बोल’ एक होतात, म्हणून ती जशीच्या तशी उचलू नये. किंमत आपल्या नियमालाही आहेच: ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला भेद मिटतो.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे पाहावे. ‘कोल्हापुरातील’मधून ‘ातील’ गेले की ‘कोल्हापुर’. ‘पुराचे’मधून ‘ाचे’ गेले की ‘पुर’. आणि ‘पूर’ ऱ्हस्व झाला की तोही ‘पुर’. ‘पंचगंगेला’मधून ‘ला’ गेला की ‘पंचगंगे’. अखेरचा स्वर काढला की ‘पंचगंग’, आणि ‘पंचगंगा’चा शेवटचा काना काढला की तेही ‘पंचगंग’. तिन्ही शब्द जुळले.

पण हात सैल सोडला की हीच कात्री भलतीकडे चालते. ‘ला’ हा प्रत्यय म्हणून सरसकट छाटला तर ‘कला’चा ‘क’ उरतो. ‘ने’ छाटला तर ‘सोने’ जाते, ‘त’ छाटला तर ‘शेत’ आणि ‘हात’ दोन्ही जातात. अखेरचा स्वर प्रत्येक शब्दाचा काढला तर ‘पूर’, ‘पुरी’ आणि ‘पुरे’ एका ओळीत बसतात, आणि महापुराची माहिती शोधणाऱ्यापुढे श्रीखंड-पुरीची पाककृती येते. म्हणून किमान लांबीची अट घालतात: प्रत्यय काढल्यावर निदान दोन अक्षरे उरली पाहिजेत, नुसता स्वर काढायचा तर शब्द चार अक्षरांहून लहान नसावा. (अक्षरे मोजायची ती डोळ्यांना दिसतात तशी, युनिकोडची चिन्हे नव्हेत; हा घोटाळा वारंवार होतो.) ‘सोने’, ‘शेत’ आणि ‘हात’ या अटीने वाचतात. तरीही जे शब्द सापडायचे ते सापडतातच, त्यांच्यासाठी ल्युसीनमध्ये संरक्षित शब्दांची यादी देण्याची सोय आहे. त्या यादीतल्या शब्दाला स्टेमर हात लावत नाही.

दुसरी सोय त्याच्या उलट आहे: अमुक रूप आले की अमुकच मूळ धरावे, असे हाताने लिहून देण्याची. ‘माणूस’ आणि ‘माणसाला’, ‘चप्पल’ आणि ‘चपलेला’ अशा जोड्या तेथे लिहाव्या लागतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या काळातल्या बातम्या ‘कोल्हापुरी चप्पल’ या शब्दांनी शोधणाऱ्याला ‘चपलांना’, ‘चपलेचे’ ही रूपेही मिळायला हवीत. पण यादी लांबवण्यापूर्वी भाषेतली सूत्रे पाहणे शहाणपणाचे. ‘पाऊस’–‘पावसाने’, ‘देऊळ’–‘देवळात’, ‘पाऊल’–‘पावलाने’: येथे ‘ऊ’चा ‘व’ होतो, आणि तो नियमाने होतो. एका नियमात सगळे कुटुंब येते. पुराच्या शोधात पाऊस किती महत्त्वाचा, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

‘पूरग्रस्त’, ‘पूररेषा’, ‘महापूर’ हे सामासिक शब्द आणखी पुढचे. शब्दकोश देऊन समासाची फोड करणारी गाळणीही ल्युसीनमध्ये आहे. ती उत्साहाने लावावी आणि ‘पूर’ हा शब्द कोशात द्यावा, की काय होते? कोल्हापूर, सोलापूर, नागपूर या सगळ्या शहरांत कायमचा पूर येतो. ‘भरपूर’मध्ये आणि देवघरातल्या ‘कापूर’मध्येही येतो. अशा ठिकाणी यंत्राला आवर घालून पाच-पन्नास समास हाताने लिहिणेच बरे.

वगळण्याच्या शब्दांबाबतही सावध राहावे. ‘आणि’, ‘आहे’, ‘हा’, ‘ही’ हे शब्द सूचीतून वगळले तर बिघडत नाही. पण यादी करणारे अनेकदा ‘वर’ आणि ‘पण’ हेही टाकून देतात. वधू-वर सूचक मंडळाच्या संग्रहात मग नुसत्या वधूच उरतात.

फरक किती पडतो?

एवढा खटाटोप खरोखरच उपयोगी आहे का, याचे मोजमाप झाले आहे. भारतीय भाषांतील शोधतंत्राची कसोटी घेण्यासाठी ‘फायर’ या नावाचा मंच २००८ साली सुरू झाला. त्यातील मराठीच्या संग्रहात महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळ या दैनिकांतील २००४ ते २००७ या काळातले सुमारे ९९ हजार लेख होते. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठाचे ल्यिल्याना डोलामिच आणि झाक साव्हॉय यांनी या संग्रहावर प्रयोग करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यय खोलवर काढणारा स्टेमर लावला, तर काहीच न काढता केलेल्या शोधाच्या तुलनेत निष्कर्षांच्या गुणवत्तेत हिंदीत सुमारे २८ टक्के, बंगालीत सुमारे १८ टक्के आणि मराठीत सुमारे ४२ टक्के सुधारणा झाली. तिन्हींत मराठीचा लाभ सर्वांत मोठा. ज्या भाषेत नामाला अधिक प्रत्यय चिकटतात तिला स्टेमरची गरज अधिक, हे तर्काने समजतेच; आकड्याने ते पक्के केले.

त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अधिक चकित करणारा आहे. व्याकरण बाजूला ठेवून प्रत्येक शब्दाची केवळ पहिली चार चिन्हे सूचीत नोंदवली, तरी जवळपास तेवढेच यश मिळाले. ज्यांच्याकडे भाषातज्ज्ञ नाही त्यांना हा मार्ग मोहवणारा आहे. पण सरासरी ही सरासरी असते. युनिकोडची चार चिन्हे घेतली तर ‘पंचगंगा’ आणि ‘पंचगंगेला’ हे दोन्ही ‘पंचग’ होऊन जुळतात, ठीक. सोबत ‘पंचगव्य’ही येते. ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापुरातील’ जुळतात, आणि त्यांच्याबरोबर ‘कोल्हा’ आणि ‘कोल्हटकर’ही जुळतात. ‘पूर’ आणि ‘पुराचे’ मात्र जुळतच नाहीत. ‘पुराचे’ची चार चिन्हे ‘पुरा’ अशी होतात आणि ती ‘पुरावा’, ‘पुराण’, ‘पुरातत्त्व’ यांच्या पंगतीत जाऊन बसतात. घाईच्या वेळी पहिला दिवस काढायला हा उपाय चांगला. पूररेषेचे कागद शोधायला नव्हे.

शब्दांऐवजी अर्थाचे गणिती प्रतिरूप साठवून शोध घेण्याची पद्धत आता रूढ होत आहे. ल्युसीनमध्येही डिसेंबर २०२१ च्या ९.० या आवृत्तीपासून तिची सोय आहे. ‘नदीचे पाणी शहरात’ असे विचारले तरी पुराची बातमी तिला सापडू शकते. परंतु गट क्रमांक, आडनाव, गावाचे नाव, आदेशाचा क्रमांक अशा नेमक्या गोष्टी शोधताना ‘साधारण तसेच काहीतरी’ मिळून उपयोग नसतो. म्हणून व्यवहारात दोन्ही पद्धती जोडीने चालवतात आणि शब्दांच्या सूचीची मशागत सुटत नाही.

त्या मशागतीत एक युक्ती नेहमी लक्षात ठेवावी. मूळ काढले म्हणून छापील रूप फेकून देऊ नये. ल्युसीनमध्ये एकाच स्थानावर दोन शब्द नोंदवता येतात: ‘कोल्हापुरातील’ही आणि ‘कोल्हापुर’ही. मग जशाच्या तशा रूपाला अधिक गुण देऊन ते निष्कर्षांत वर आणता येते, आणि बाकीचे त्याखाली मिळतात. ‘सुत’ शोधणाऱ्याला ‘सूत’ आधी दिसत नाही ते यामुळेच.

समानार्थी शब्दांची कडी मात्र अशी आहे की तेथे व्याकरण संपते आणि गाव सुरू होते. ‘करवीर’ शोधणाऱ्याला ‘कोल्हापूर’ दाखवावे का? जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात अवश्य दाखवावे. पण आज करवीर हे तालुक्याचेही नाव आहे, आणि तालुक्याच्या कामासाठी आलेल्या माणसाला अख्खा जिल्हा दाखवून उपयोग नाही. ‘जोतिबा’ आणि ‘ज्योतिबा’ जोडावेत, हे उघड आहे. तेवढ्याने डोंगरावरचा देव आणि महात्मा फुले एकाच यादीत येतात, हेही उघड आहे. ‘अंबाबाई’ की ‘महालक्ष्मी’, हा तर कोल्हापुरात केवळ शब्दांचा प्रश्न कधीच नव्हता. शोधयंत्राने दोन्ही शब्द एकमेकांना जोडले तर वाचकाला दोन्ही नावांनी छापलेले लेख मिळतात; कोणते नाव योग्य हा निर्णय मात्र यंत्र देत नाही, आणि देऊही नये.

अशा जोड्या सूची तयार करताना न घालता शोध घेण्याच्या वेळी लावाव्यात, असा अनुभवी मंडळींचा सल्ला असतो. टोकनायझर किंवा स्टेमर बदलला तर सगळे लेख पुन्हा पहिल्यापासून आत घालून नवी सूची बांधावी लागते; मोठ्या संग्रहाला त्यासाठी कित्येक तास लागतात. समानार्थी शब्दांची यादी शोधाच्या वेळी वाचली जात असेल, तर ती एक साधी धारिका असते. तीत आज एक ओळ घातली आणि प्रणालीला ती नव्याने वाचायला लावले, की सूचीला हात न लावता पुढचाच शोध नव्या जोडीने चालतो, आणि कोणाची हरकत आली तर ती ओळ तितक्याच सहज काढता येते.